नाइटमेअरमधे घोडी कुठून आली?

नाइटमेअर हा शब्द फोडून बघा जरा. नाइट म्हणजे रात्र, ते ठीक, पण मेअर म्हणजे तर घोडी! वाईट स्वप्नात घोडीचं काय काम? तर काहीच नाही. हे दोन वेगळे मेअर आहेत, झिजत झिजत सारखे झाले एवढंच. घोडीवाल्याच्या कुळात मार्शल हा शब्द येतो, ज्याचा मूळ अर्थ घोड्यांची देखभाल करणारा नोकर (म्हणजे आजचे मार्शल एकेकाळी तबेल्यात होते).

दुसरा मेअर म्हणजे एक पिशाच्च, जे रात्री झोपलेल्या माणसाच्या छातीवर चढून बसतं आणि त्याचा श्वास कोंडतं. नॉर्वेत अजूनही वाईट स्वप्नाला ‘मारेरिट’ म्हणतात, म्हणजे या पिशाच्चाची (तिथे त्याचं नाव ‘मारे’) स्वारी, आणि फ्रेंच ‘कोशमार’मधे पण हीच बया आहे, फक्त तिथे ती तुडवते. इंग्रजीत 1300 च्या आसपास नाइटमेअर हा जोडशब्द दिसतो तेव्हा त्याचा अर्थ स्वप्न नव्हताच, ते पिशाच्चच होतं. नुसतं वाईट स्वप्न हा अर्थ बराच नंतरचा, 19व्या शतकातला.

आणि गंमत म्हणजे ते जुने लोक थापा मारत नव्हते. आज याला स्लीप पॅरालिसिस म्हणतात. आरईएम झोपेत (ज्यात बंद पापण्यांआड डोळे भराभर हलतात) आपल्याला ठळक स्वप्नं पडतात, तेव्हा स्वप्नातली मारामारी आपण अंथरुणात खरोखर करू नये म्हणून ब्रेनस्टेम (मेंदूचा खालचा देठ) हातापायांचे स्नायू ढिले करून ठेवतो, डोळे आणि श्वासाचा पडदा मात्र चालू राहतात. कधीकधी माणूस जागा होतो पण हे कुलूप उघडलेलंच नसतं, मग हलता येत नाही, ओरडता येत नाही, छातीचे स्नायू ढिले त्यामुळे खोल श्वास घ्यायला गेलं की वाटतं कोणीतरी वर बसलंय, त्यात स्वप्न अर्धवट चालूच, मग ते कोणीतरी दिसतंसुद्धा! काही सेकंद, फार तर दोनचार मिनिटं. शंभरातल्या साधारण 8 जणांना आयुष्यात एकदा तरी हे होतं, आणि अपुरी झोप झाली किंवा उताणं झोपलं की जास्त.

1781 साली हेन्री फ्यूजेली या चित्रकाराने ‘द नाइटमेअर’ नावाचं चित्र काढलं. त्यात झोपलेल्या बाईच्या छातीवर एक ध्यान बसलंय आणि मागच्या पडद्यातून घोड्याचं डोकं बाहेर आलंय. आधीच्या कच्च्या खडू-स्केचमधे ध्यान आहे, घोडा नाहीये.