एआयवर काढलेला पेपर छपाईला देण्याआधी
(आमच्याकडे येणाऱ्या सर्व सर आणि मॅडमसाठी)

सहामाही जवळ आली की कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीतल्या आमच्या छापखान्यात शाळांची रीघ लागते. हल्ली एक प्रश्न रोज येतो : “पेपर चॅटजीपीटीवर काढलाय, मग प्रूफवर (छपाईआधीच्या तपासणी प्रतीवर) सही कशाला?”

एआय वापरायला आमची ना नाही. उताऱ्यावरचे प्रश्न, गणिताची जादा उदाहरणं, एकाच घटकाचे सोपे-अवघड नमुने यांत वेळ खरंच वाचतो. घोळ होतो तो उत्तरसूचीत. पेपर एआयचा, उत्तरं त्याचीच, आणि “सगळं बरोबर आहे ना?” हेही त्यालाच विचारलेलं. तो हो म्हणतो. आधीच्या शब्दांवरून पुढचा शब्द कोणता येईल, या अंदाजावर तो वाक्य रचतो. तुमचं बालभारतीचं पुस्तक तो आपणहून उघडून बघत नाही. त्यामुळे चुकीचं सालही तितक्याच ठामपणे सांगतो.

गेल्या वर्षी एका पेपरात प्रश्न होता : शाहू महाराजांनी 50 टक्के जागा राखीव ठेवण्याचा हुकूम कधी काढला? पर्याय 1894, 1917, 1920 आणि 1922. बरोबर उत्तर 1902, तेच नाही! 1894 राज्यारोहणाचं, 1917 सक्तीच्या मोफत शिक्षणाचं, 1920 माणगाव परिषदेचं, 1922 महाराजांच्या निधनाचं. सगळी सालं ओळखीची, म्हणून नजर घसरते. आमच्या ऑपरेटरच्या लक्षात आलं तोवर चारशे प्रती निघाल्या होत्या. कागद आमचा गेला, रात्र दोघांचीही गेली. आणि कोल्हापूरच्या मुलांपुढे हा पेपर जाणं आम्हाला बघवलं नसतं.

तेव्हापासून विषयशिक्षकांनी उत्तरसूची पुस्तकाशी ताडून सही केल्याशिवाय आम्ही मशीन सुरू करत नाही. मुख्याध्यापकांची सही त्याऐवजी चालत नाही. यात एक दिवस जातो, तो धरूनच या.

वर्णनात्मक नोंदी एआयकडून लिहून घेताना मुलांची नावं, आधार क्रमांक, गुणतक्ते त्यात टाकू नका. ‘विद्यार्थी 1’ एवढं पुरतं. नावं प्रगतीपुस्तकावर नंतर घालता येतात. वैयक्तिक माहितीच्या 2023 च्या कायद्यात 18 वर्षांखालील मुलांसाठी वेगळ्या तरतुदी आहेत.

मजकूर युनिकोडमध्ये, वर्ड फाइलमध्ये आणा. व्हॉट्सॲपवरून चिकटवलेल्या मजकुरातले तारे (*) काढण्यातच आमचा तास जातो.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर आमचा एक संगणक शिक्षकांसाठी मोकळा असतो. पेपर आणि पुस्तक दोन्ही घेऊन या, ताडायला आम्ही सोबत बसतो. छपाई आमच्याकडे करणाऱ्या शाळांना त्याचे पैसे लागत नाहीत.