रंग आला नाही, म्हणजे नमुना स्वच्छ?

अन्नातलं विष तपासायचे किट आम्ही विकतो, आणि आम्हाला सगळ्यात जास्त फोन याच प्रश्नासाठी येतात. उत्तर बहुतेक वेळा उलटं असतं.

अफ्लाटॉक्सिनसारखं बुरशीचं विष किंवा कीटकनाशकाचा अंश म्हणजे अगदी छोटा रेणू. दोन अँटीबॉडी (ठरावीक रेणू पकडणारी प्रथिनं) त्याला एकाच वेळी धरू शकत नाहीत, तेवढी जागाच नसते. म्हणून या एलायझा किटमध्ये (अँटीबॉडी आणि रंग वापरून विष मोजणारी चाचणी) चढाओढ लावलेली असते. वेलमध्ये, म्हणजे प्लेटवरच्या छोट्या खळग्यात, अँटीबॉडी मोजक्याच. त्यांवर बसायला एकीकडून तुमच्या नमुन्यातलं विष येतं, दुसरीकडून आमच्या कॉन्जुगेटच्या बाटलीतलं, एन्झाइम जोडलेलं विष. नमुन्यातल्या विषाने जागा अडवल्या, की रंग आणणारं एन्झाइम धुण्यात वाहून जातं आणि रंग फिका पडतो. गडद निळा आला तर विष कमी. रंगाची क्रिया थांबवणारं स्टॉप सोल्यूशन टाकल्यावर तो पिवळा होतो. मग यंत्रावर ४५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात वाचायचा. स्ट्रिपचंही (पट्टीवरच्या झटपट चाचणीचंही) तसंच: टेस्ट लाइन गायब म्हणजे नमुना पॉझिटिव्ह. कंट्रोल लाइन मात्र दिसायलाच हवी. ती नसेल तर स्ट्रिप बाद.

कॉन्जुगेट टाकायचं राहिलं तरीही रंग येत नाही, बरं का! त्यासाठीच शून्य स्टँडर्ड, म्हणजे विष अजिबात नसलेला तुलनेचा द्राव असतो. प्लेटवर सर्वांत गडद तेच हवं. (शेंगदाण्याच्या ॲलर्जनसारख्या मोठ्या प्रथिनांचे किट बहुधा दोन अँटीबॉडींच्या मध्ये पकडणाऱ्या सँडविच पद्धतीचे असतात, तिथे गडद म्हणजे जास्त. आधी डबी वाचा.)

खरी चूक बहुधा किट उघडण्याआधीच झालेली असते. बुरशी पोतंभर सारखी पसरत नाही. दोन-चार दाण्यांत विष ठासून भरलेलं, बाकीचे दाणे स्वच्छ. वरची मूठभर उचलून तपासलीत, तर कुठलीही अँटीबॉडी तुम्हाला वाचवणार नाही. पोत्याच्या वेगवेगळ्या थरांतून नमुना घ्या, सगळा बारीक दळा, नीट मिसळा, मगच वजन करा.

किट फ्रिजमधून काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर कडेचे आणि मधले वेल वेगवेगळं वागतात. एका लॉटची (एकत्र बनलेल्या खेपेची) बाटली दुसऱ्या लॉटमध्ये वापरू नका. शून्य सोडून बाकीच्या स्टँडर्डमध्ये (विषाचं ठरावीक प्रमाण असलेल्या द्रावांमध्ये) खरं विष असतं, तेव्हा हातमोजे घाला.

अफ्लाटॉक्सिन बी१ धरणारी अँटीबॉडी बी२, जी१ या त्याच्या भावंडांनाही थोडीफार धरते. त्यामुळे माल नाकारण्यापर्यंत गोष्ट गेली, तर आमच्या आकड्यावर थांबू नका. एलसी-एमएसवर (रेणू वेगळे करून वस्तुमानावरून ओळखणाऱ्या यंत्रावर) खात्री करून घ्या. किट विकणारे आम्ही, तरी हेच सांगू.

फोन करताना लॉट नंबर आणि शून्य स्टँडर्डचं रीडिंग हाताशी ठेवा. पहिला प्रश्न आम्ही तोच विचारणार.