दूरस्थ काम

दूरस्थ काम : कार्यालयात न जाता संगणक व दूरसंचाराच्या साहाय्याने घरून किंवा अन्य ठिकाणाहून नोकरीचे काम करण्याची पद्धती, रोजच्या बोलण्यातले ‘वर्क फ्रॉम होम’. तिचा कामगिरीवर व स्वास्थ्यावर होणारा परिणाम एवढाच या नोंदीचा विषय आहे.

पद्धतीच्या उगमाविषयी मतभेद आहेत. काही अभ्यासक तो कारखानदारीपूर्व घरगुती उत्पादनापर्यंत मागे नेतात. त्या न्यायाने पान-तंबाखू घरी आणून विड्या वळणाऱ्या सोलापूरच्या कामगार स्त्रियाही व्याख्येत बसतील. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या गृहकामविषयक कराराची (क्र. १७७, १९९६) व्याख्याही व्यापक आहे; अधूनमधून घरी काम करणारा नोकरदार मात्र तीतून वगळला आहे. तथापि प्रस्तुत अर्थाने प्रारंभ १९७३ च्या सुमारास मानणे अधिक सयुक्तिक ठरते. त्या वेळी सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाचे जॅक नाइल्स यांनी लॉस अँजेलिसमधील एका विमा कंपनीत कर्मचाऱ्यांना घराजवळच्या केंद्रांतून काम देण्याचा अभ्यास केला. हेतू रहदारी व इंधन वाचवण्याचा होता. कर्मचाऱ्याच्या सोयीचा विचार नंतरचा.

कामगिरीविषयी कर्मचाऱ्यांच्या स्वतःच्या सांगण्यावर आधारलेली पाहणी विपुल आहे. घरून काम मागून घेणारे मुळातच वेगळे असू शकतात, म्हणून चिठ्ठ्या टाकल्यासारखी यादृच्छिक विभागणी केलेले प्रयोग अधिक विश्वसनीय होत. अर्थशास्त्रज्ञ निकोलस ब्लूम व सहकाऱ्यांचा शांघायमधील सीट्रिप या प्रवास कंपनीतील प्रयोग (२०१०–११, प्रसिद्धी २०१५) त्यांत अग्रगण्य आहे. इच्छुकांपैकी सम-विषम जन्मतारखेनुसार निवडलेल्यांनी आठवड्यातून चार दिवस घरून ग्राहकांचे फोन घेतले. स्वतंत्र खोली, ब्रॉडबँड व किमान सहा महिन्यांची नोकरी या अटी होत्या. कामगिरी १३ टक्के वाढली. त्या १३ पैकी सुमारे ९ टक्के वाढ कमी विश्रांती व कमी आजारी रजा यांमुळे, म्हणजे अधिक मिनिटे काम केल्याने झाली. नोकरी सोडण्याचे प्रमाण निम्म्यावर आले, पण तितकेच चांगले काम करूनही बढती मिळण्याची शक्यता घटली. पुढे निवडीची मुभा मिळताच अनेक जण कार्यालयात परतले. एकटेपणा हे त्यामागील एक कारण होते. या फेरनिवडीनंतर कामगिरीतील लाभ २२ टक्क्यांवर गेला.

चेन्नईतील डेटा एंट्रीच्या प्रयोगाचा निष्कर्ष (ॲटकिन, शोअर व शिंदे, २०२३) नेमका उलट आहे. घरून काम करणाऱ्यांची उत्पादकता १८ टक्के कमी भरली. सुमारे दोन-तृतीयांश फरक पहिल्याच दिवशी दिसला. उरलेला कार्यालयातले लोक काम लवकर शिकल्याने पडला. ज्यांना घरूनच काम हवे होते त्यांची घट २७ टक्के, कार्यालय हवे असणाऱ्यांची १३ टक्के. घरातील जबाबदाऱ्यांमुळे ज्याला घराची गरज अधिक, त्याचेच तेथे लक्ष कमी लागत असावे. शांघायमध्ये स्वतंत्र खोलीची व अनुभवाची अट होती, हे दोन्ही निष्कर्ष शेजारी ठेवताना विसरता येत नाही. दोन खोल्यांच्या घरात स्वयंपाकघराच्या ओट्याशेजारी लॅपटॉप मांडणाऱ्याला पहिला निष्कर्ष जसाच्या तसा लागू करणे धाडसाचे आहे.

मिश्र पद्धतीविषयी (काही दिवस घरून, काही दिवस कार्यालयातून) चित्र अधिक स्पष्ट आहे. सीट्रिप या त्याच चिनी कंपनीत सोळाशेहून अधिक पदवीधर कर्मचाऱ्यांवर झालेल्या नंतरच्या प्रयोगात (प्रसिद्धी २०२४) आठवड्यातून दोन दिवस घरून कामाची मुभा दिल्याने राजीनामे एक-तृतीयांशाने घटले. कामगिरीच्या मूल्यमापनात व बढत्यांत फरक आढळला नाही.

स्वास्थ्याविषयीचा पुरावा विरळ व विखुरलेला आहे. प्रवासाचा वाचलेला वेळ हा सर्वमान्य लाभ; कामाचे तास लांबणे व सहकाऱ्यांशी संबंध सैलावणे हे तोटे. ४६ अभ्यासांच्या एका संकलनात (गजेंद्रन व हॅरिसन, २००७) आठवड्यात अडीच दिवसांहून अधिक कार्यालयापासून दूर राहून काम करणाऱ्यांचे सहकाऱ्यांशी संबंध बिघडलेले दिसले, घर व नोकरी यांतील ओढाताण मात्र कमी झाली.

भारतात मातृत्व लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूती रजेनंतर, कामाचे स्वरूप पाहून व परस्पर संमतीने, घरून कामाची तरतूद केली. पद्धती सर्वत्र रुळली ती मार्च २०२० च्या टाळेबंदीपासून. बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत कामाच्या वेळेबाहेर फोन व ईमेलला उत्तर न देण्याच्या हक्काचे खासगी विधेयक मांडले होते. त्याचा कायदा झाला नाही.