युद्धकाळातली प्रचारी कार्टूनं

लढाई चालू असताना सरकारच्या नाहीतर लष्कराच्या सांगण्यावरून, आणि पुष्कळदा कुणी न सांगताच देशप्रेमाच्या भरात काढलेली व्यंगचित्रं आणि छोट्या कार्टून फिल्म्स, यांना प्रचारी कार्टूनं म्हणतात. शत्रूबद्दल चीड यावी, लोकांनी टॅक्स आणि युद्धाचे बाँड मुकाट भरावेत, सुट्टीवरच्या शिपायाने बडबड करून गुपित फोडू नये, असली कामं त्यांच्याकडून करून घेतली. पहिल्या महायुद्धातही अशी चित्रं निघालीच होती, पण आज ज्यांच्यावरून वाद होतो ती बहुतेक १९४१ ते १९४५ मधली, डिस्ने, वॉर्नर ब्रदर्स, एमजीएम अशा अमेरिकन स्टुडिओंची. लहानपणी रविवारी टीव्हीसमोर बसून डोनाल्ड डक बघितलेला माणूस मोबाईलवर सहज शोधता शोधता यातलं एखादं बघतो आणि म्हणतो, अरे हे काय!

सगळ्यात गाजलेलं उदाहरण डिस्नेचं, डोनाल्ड डकचं 'डेर फ्यूरर्स फेस', १ जानेवारी १९४३ ला आलेलं, ज्याला त्या वर्षीचं छोट्या कार्टूनचं ऑस्कर मिळालं. डोनाल्ड नाझी जर्मनीत तोफगोळ्यांच्या कारखान्यात कामाला आहे, गोळा आला की पेच फिरव, हिटलरचा फोटो आला की हात वर कर, परत गोळा, परत फोटो, आणि नाश्ता काय तर अंडी-बेकनच्या वासाचा फवारा, कप्प्यात लपवलेली कॉफीची एकच बी आणि करवतीने कापावा लागणारा पाव. शेवटी वेडा होतो आणि जाग येते तेव्हा कळतं की स्वप्न होतं. हे आजही हसवतं, खरं सांगायचं तर चांगलंच हसवतं, कारण विनोद हुकूमशाहीवर आहे. फक्त सुरुवातीला जो बँड वाजत येतो त्यात हिटलरच्या माणसांबरोबर एक जपानी पण आहे, दात पुढे आलेला, डोळे म्हणजे दोन रेघा, आणि तिथं बघणाऱ्याचं हसू जरा अडकतं.

चेहरा आणि ठोकळा

अडकायचं कारण असं की जर्मनी दाखवताना चित्रकारांनी ठराविक माणसं पकडली. हिटलरची मिशी, त्याच्या मंत्र्यांपैकी गोअरिंगचं पोट, गोबेल्सचं काटकुळं अंग, म्हणजे ही अर्कचित्रं झाली, आणि अर्कचित्र काढायला तो एक माणूस नीट बघावाच लागतो. जपानी दाखवताना मात्र पंतप्रधान तोजोचा गोल चष्मा आणि मिशी उचलली आणि सगळ्या देशाच्या नाकावर बसवली, शिपाई तसाच, दुकानदार तसाच, अमेरिकेत जन्मलेला तिथला नागरिक असलेला पण तसाच. १९४४ च्या 'बग्ज बनी निप्स द निप्स' मध्ये (नावातला तो शब्दच मुळात जपान्यांना हिणवायचा) ससा पॅसिफिकच्या बेटावर आइस्क्रीमच्या गाडीतून हातबॉम्ब लपवलेल्या कांड्या वाटतो, प्रत्येक गिऱ्हाईकाला शिवी देतो, आणि गिऱ्हाईकं सगळी एका साच्यातली, हाच तो ठोकळा.

आता कुणी म्हणेल की कार्टूनच ते, एवढं काय मनावर घ्यायचं. तर पुढे मुलांच्या पुस्तकांसाठी जगभर प्रसिद्ध झालेले डॉक्टर स्यूस तेव्हा न्यूयॉर्कच्या एका पेपरात व्यंगचित्रं काढायचे. १३ फेब्रुवारी १९४२ ला त्यांनी एक चित्र काढलं, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरनं जपानी वंशाच्या लोकांची लांबच लांब रांग चाललीय, सगळे हसतमुख, सगळ्यांचा चेहरा एकच, आणि काउंटरवर प्रत्येकाला स्फोटकांचं पुडकं मिळतंय. सहाच दिवसांनी, १९ फेब्रुवारीला, राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टनी हुकूम काढला आणि त्याच्या जोरावर साधारण १ लाख २० हजार जपानी वंशाची माणसं घरंदारं सोडायला लावून छावण्यांत कोंडली, त्यातले दोन तृतीयांश अमेरिकेचेच नागरिक. चित्रामुळे हुकूम निघाला असं कुणी म्हणत नाही, पण रांगेत एक जरी चेहरा वेगळा काढला असता तर ते चित्र चाललं नसतं. १९५४ मध्ये त्याच स्यूसनी हत्तीच्या गोष्टीचं एक पुस्तक आपल्या जपानी मित्राला अर्पण केलं. बरेच जण त्यात माफी शोधतात, शोधू देत.

हा धंदा एकतर्फी नव्हता. जपानी नौदलाच्या पैशाने 'मोमोतारो' या लोककथेतल्या पोराला घेऊन फिल्म्स निघाल्या, १९४३ मध्ये एक आणि एप्रिल १९४५ मध्ये दुसरी, ही दुसरी म्हणजे जपानची पहिली पूर्ण लांबीची कार्टून फिल्म. त्यात जपानी म्हणजे गोंडस प्राणी, कुत्रा, माकड, अस्वल वगैरे, आणि इंग्रज अधिकारी डोक्यावर शिंगं असलेले, शरण येताना बोबडी वळलेले. बेटांवरचे बाकीचे प्राणी, म्हणजे आशियातली बाकीची जनता, जपान्यांकडून अक्षरं गिरवायला शिकते. आपण कुठल्या बाकावर बसवलेलो ते बघा! युद्धानंतर ही फिल्म नष्टच झाली असं धरलं होतं, १९८३ मध्ये कंपनीच्या गोदामात तिची निगेटिव्ह सापडली.

बेळगावकडची बाजू

तेव्हा बेळगाव मुंबई इलाख्यात होतं. कॅम्पात मराठा रेजिमेंटचं सेंटर १९२२ पासून आहे, खानापूर-चंदगडकडची पोरं तिथनंच थेट एरिट्रिया, इटली, ब्रह्मदेश असं पोहोचली. इटलीत यशवंत घाडगे (१९४४) आणि नामदेव जाधव (१९४५) यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. गंमत अशी की एकीकडे ४२ च्या चळवळीत लोक तुरुंगात जात होते आणि दुसरीकडे सिनेमाला गेलं की पिक्चरआधी सरकारी युद्धाची फिल्म सक्तीने बघायला लागायची, ती तयार करायला इन्फॉर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया नावाचं खातंच काढलेलं.

आमच्या आईचे मामा मार्च १९४४ मध्ये मणिपुरात सांगशाकला होते, मराठ्यांची चौथी बटालियन तिथं जपान्यांच्या वेढ्यात सापडली होती. ते हयात असताना मी एकदा कॉम्प्युटरवर त्यांना ते सशाचं कार्टून लावून दाखवलं. शेवटपर्यंत बघितलं, हसले नाहीत, रागावले पण नाहीत, म्हणाले, "हे काय दाखवायलास रे? दात कुठं बघायला मिळाले आम्हाला, रात्रीचेच यायचे ते." मग चहा मागितला. जो समोर होता त्याच्याकडे चित्रासारखं काही नव्हतं आणि हजारो मैलांवर खुर्चीत बसून चित्र काढणाऱ्याकडे सगळं होतं, दात, चष्मा, रंग.

ठोकळा दर वेळी शत्रूचाच असतो असंही नाही. इंग्रजांनी लढाऊ जाती आणि बिनलढाऊ जाती अशी वाटणी करून ठेवली होती, त्यात मराठा म्हणजे काटक, बुटका, डोंगर चढणारा, थोडक्यात भागवणारा. फौजेत मराठा शिपायाला आजही 'गणपत' म्हणतात, प्रेमानेच म्हणतात, आणि आमच्याकडचे लोक अभिमानाने सांगतात. पण नाव कुठलंही असो, आहेत सगळे गणपत, हा हिशोब त्या रांगेतल्या एकाच चेहऱ्याच्या फार लांबचा नाही. हे मी गावात बोललो तेव्हा दोघा-तिघांना आवडलं नव्हतं.

आजचे बघणारे

आज या कार्टूनांचं करायचं काय यावर मतं फाटलेली आहेत. बग्ज बनीचं वरचं कार्टून नव्वदच्या दशकात लेझरडिस्कच्या (डीव्हीडीच्या आधीची मोठी तबकडी) संचात आलं होतं, जपानी-अमेरिकन लोकांनी तक्रार केल्यावर काढून घेतलं. पुढे वॉर्नरने जुन्या कार्टूनांच्या डीव्हीडींवर सूचना टाकली, मतलब असा की ही चित्रं तेव्हाही चूक होती आणि आताही चूकच आहेत, पण ती लपवणं म्हणजे असला पूर्वग्रह कधी नव्हताच म्हटल्यासारखं होईल. डिस्नेने २००४ मध्ये आपल्या युद्धकाळातल्या फिल्म्सचा वेगळा डीव्हीडी संच काढला, आधी माहिती सांगून मग फिल्म. हे बरं वाटतं. आठ मिनिटांचा तुकडा नुसता मोबाईलवर फिरतो तेव्हा १९४४ साल गळून पडतं आणि दात तेवढे उरतात.

सीमाभागात हे समजवायला लांब जावं लागत नाही. १३ ऑगस्ट १९६० ला बाळ ठाकऱ्यांनी 'मार्मिक' सुरू केलं, त्यातला दाक्षिणात्य माणूस म्हणजे लुंगीवाला. ते मुंबईत नोकऱ्यांच्या भांडणात चालून गेलं, पण बेळगावात बसून तो अंक बघणाऱ्याचा शेजारी, दुकानातला पार्टनर, कधी कधी सख्खा मेहुणा कन्नड, आणि घरी आल्यावर लुंगी दोघंही नेसायचे. आजही १ नोव्हेंबरला तिकडं राज्योत्सव आणि इकडं काळा दिवस आला की व्हॉट्सॲपवर दोन्हीकडनं चित्रं सुटतात, त्यांच्या चित्रात आम्ही हातात दगड घेतलेले, आमच्या चित्रात ते लुंगी वर खोचून धावणारे. याला युद्ध म्हणायचं नाही, पण पेन्सिल त्याच वळणाची आहे.

आणि जपानी चेहऱ्याचं म्हणाल तर तो साचा अमेरिकेतच राहिला असं नाही. थंडीत तिबेटी लोक स्वेटर विकायला येतात तेव्हा पोरं बोटांनी डोळे ताणून 'चिनी, चिनी' करतात, हे कुठल्या कार्टूनमधनं शिकले देव जाणे. गेल्या डिसेंबरात माझ्या पुतण्याने स्टॉलसमोर हेच केलं. स्टॉलवरची बाई मुंडगोडच्या तिबेटी निर्वासितांच्या कॅम्पातली, जन्म तिथलाच, आमच्यापेक्षा चांगलं कन्नड बोलते. तिने त्याच्याकडे बघितलं, मापाचा एक निळा स्वेटर काढून त्याच्या छातीला लावला आणि मला मराठीत म्हणाली, "साडेसहाशे. याला बसतोय बघा, पण कमी नाही व्हायचं."