एलके-९९ आणि १०४ अंशांची खूण

'आंतरराष्ट्रीय जर्नलमध्ये छापून आलंय, म्हणजे सिद्धच झालं की!' गोमूत्रापासून मोबाइलला चिकटवायच्या 'अँटी-रेडिएशन' चिपपर्यंत कशाच्याही समर्थनार्थ हे वाक्य ऐकायला मिळतं. संशोधन छापून आलं की तपासणी संपली, हा समज फार खोलवर रुजला आहे. खरी तपासणी तिथून पुढे सुरू होते. ती कशी चालते, हे एलके-९९च्या प्रकरणात जितकं स्वच्छ दिसलं तितकं क्वचितच दिसतं.

जुलै २०२३मध्ये दक्षिण कोरियातल्या संशोधकांनी 'आर्काइव्ह' या संकेतस्थळावर दोन लेख टाकले. तिथे पीअर रिव्ह्यू, म्हणजे त्याच विषयातल्या इतर तज्ज्ञांची छाननी, होण्याआधीच लेख सर्वांना वाचता येतात. शिसं, तांबं, फॉस्फरस आणि ऑक्सिजन यांचं 'एलके-९९' नावाचं एक संयुग नेहमीच्या हवेच्या दाबाला, अगदी १२७ अंश सेल्सिअसपर्यंत अतिसंवाहक राहतं, असा दावा होता. अतिसंवाहकात विजेला रोध शून्य असतो. पण आजवरचे अतिसंवाहक एक तर खूप थंड करावे लागतात, नाही तर प्रचंड दाबाखाली ठेवावे लागतात. त्यामुळे जगभर एकच गलका झाला.

लेखात कृती दिलेली होती, ही त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट. लॅनार्काइट हे शिशाचं सल्फेट आणि कॉपर फॉस्फाइड एकत्र करायचं आणि निर्वात नळीत ९२५ अंशांना तापवायचं. ठिकठिकाणच्या प्रयोगशाळांनी भट्ट्या पेटवल्या. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेने दहाएक दिवसांतच आपल्या नमुन्यात अतिसंवाहकता दिसत नसल्याचं कळवलं.

मग मूळ आलेखात १०४ अंशांच्या आसपास रोध एकदम का घसरत होता? इलिनॉय विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ प्रशांत जैन यांनी हा आकडा पाहताच ओळखला, कारण कॉपर सल्फाइडवर त्यांनी काम केलं होतं. कृतीचं समीकरण मांडून पाहा: एलके-९९चा एक भाग तयार होताना तांब्याचे १७ आणि गंधकाचे ५ भाग उरतात. तांबं आणि गंधक भट्टीत एकत्र आले की कॉपर सल्फाइड होणारच. हे संयुग १०४ अंशांच्या वर असताना त्यातली गंधकाची चौकट स्थिर असते आणि तांब्याचे आयन तिच्यातून जवळजवळ द्रवासारखे हिंडतात. थंड होताना ते आपापल्या जागा पकडतात, स्फटिकाची रचनाच बदलते आणि त्यासरशी रोध कोसळतो. कोसळतो, पण शून्य होत नाही. साध्या प्रमाणपट्टीवर काढलेल्या आलेखात मात्र ती रेष शून्यावर टेकल्यासारखी दिसते.

बीजिंगमधल्या एका गटाने दोन नमुने बनवले: एकात ५ टक्के कॉपर सल्फाइड, दुसऱ्यात ७० टक्के. पहिल्यात रोध थंड करताना सावकाश वाढत गेला, दुसऱ्यात ११२ अंशांजवळ धाडकन खाली आला. शिवाय तापवतानाची आणि थंड करतानाची रेष एकमेकींवर बसत नव्हती. पाणी गोठण्यासारख्या, ज्यात सुप्त उष्मा लागतो अशा, पहिल्या प्रकारच्या अवस्थांतराची ही खूण. चुंबकीय क्षेत्र नसताना अतिसंवाहकतेकडे होणारं अवस्थांतर दुसऱ्या प्रकारचं असतं, त्यात असा फरक अपेक्षित नाही. माझ्या मते निकाल इथेच लागला. पुढे जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेने गंधकाचा स्पर्शही नसलेले शुद्ध स्फटिक वाढवले. ते जांभळट, पारदर्शक आणि चक्क विद्युतरोधक निघाले. हे सगळं जेमतेम महिन्याभरात घडलं.

याच्या शेजारी अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठाच्या गटाचं प्रकरण ठेवून पाहा. साध्या तापमानाच्या अतिसंवाहकाचा त्यांचा लेख ऑक्टोबर २०२०मध्ये 'नेचर'ने रीतसर पीअर रिव्ह्यू करून छापला. पण परीक्षक प्रयोग स्वतः करून पाहत नाहीत, समोर ठेवलेली मोजमापं खरी धरूनच ते वाचतात. इथे पदार्थ लाखो वातावरणांइतक्या दाबाखाली होता, त्यामुळे इतरांना तो प्रयोग सहज करता येत नव्हता, आणि मूळ मोजमापं मागणाऱ्यांना ती बराच काळ मिळाली नाहीत. 'नेचर'ने तो लेख सप्टेंबर २०२२मध्ये मागे घेतला. त्याच गटाचा मार्च २०२३चा दुसरा लेख त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मागे घेतला गेला, आणि या वेळी ती मागणी लेखाच्या बहुतेक सहलेखकांनीच केली होती.