ऑर्डर पडली की विक्री धरायची? ऑनलाइन दुकानाच्या ट्रॅकिंगची पार्श्वभूमी

सर्व्हरचे लॉग, हिट काउंटर, १९९४ ला आलेली कुकी हा जुना काळ थोडक्यात सोडून देतो, कारण छोट्या दुकानदाराच्या हातात खरं काही आलं ते नोव्हेंबर २००५ ला, साइटवर कोण आलं आणि काय केलं हे मोजणारं गुगल अ‍ॅनालिटिक्स फुकट झालं तेव्हा. त्याच वर्षी विकत घेतलेल्या अर्चिन नावाच्या सॉफ्टवेअरवर ते उभं होतं, आजही माणूस कुठून आला हे कळावं म्हणून आपण लिंकच्या शेपटीला यूटीएम लावतो त्यातला यू त्या अर्चिनचाच.

तेव्हापासून एक पद्धत पडली ती पडलीच. गिऱ्हाइकाला 'थँक यू'चं पान दिसलं की विक्री झाली असं धरायचं. २०१४ ला त्यात एन्हान्स्ड ई-कॉमर्स नावाची सोय आली, तिच्यात प्रॉडक्ट बघितलं, कार्टमध्ये टाकलं, चेकआउटला गेला असे टप्पे दिसायला लागले, पण विक्री मोजायची जागा बहुतेकांनी तीच ठेवली. जिथे लोक कार्डाने आधी पैसे भरतात तिथे हे बरोबरच आहे, थँक यू दिसलं म्हणजे पैसे आलेले असतात.

आपल्याकडे सीओडी आहे, म्हणजे पार्सल हातात पडल्यावर पैसे. थँक यू दिसतं तेव्हा एक रुपयाही आलेला नसतो, पार्सल निघालेलंसुद्धा नसतं. समजा २८ ऑक्टोबरला १,४९९ रुपयांच्या साडीची सीओडी ऑर्डर पडली. त्याच मिनिटाला रिपोर्टमध्ये १,४९९ चढले. कुरिअरवाला तीनदा जाऊन आला, फोन उचलला नाही, ११ नोव्हेंबरला पार्सल आरटीओ (रिटर्न टू ओरिजिन, न स्वीकारता माघारी) होऊन परत. आता रिफंड इव्हेंट, म्हणजे विक्री वजा करायची नोंद, पाठवायची सोय आहे, त्याच ट्रान्झॅक्शन आयडीवर (ऑर्डरच्या नंबरावर), पण तो बसतो नोव्हेंबरच्या तारखेला, म्हणजे ऑक्टोबर फुगलेला तो फुगलेलाच राहतो आणि दिवाळीची जाहिरात चालली की नाही हे कळायचं तर ऑक्टोबरच बघायचा असतो. शिवाय दोन्ही बाजूंचं कुरिअर भाडं खिशातून गेलेलं असतं, ते कुठल्याच रिपोर्टात नाही.

मग काही जण म्हणतात की डिलिव्हरी झाल्यावरच सर्व्हरवरून पर्चेस इव्हेंट, म्हणजे विक्रीची नोंद, पाठवा. कागदावर हे छान वाटतं, पण जीए४ (गुगल अ‍ॅनालिटिक्सची आताची आवृत्ती) मध्ये मागची तारीख लावून इव्हेंट पाठवायचा तर ७२ तासांच्या आतच, आणि गावाकडचं पार्सल पोचायलाच पाच-सहा दिवस लागतात, तोवर तो माणूस कुठल्या जाहिरातीवरून आला होता हा धागा तुटतो. माझं स्पष्ट मत आहे की पर्चेस ऑर्डरलाच राहू द्यावा आणि डिलिव्हरीचा वेगळा इव्हेंट ठेवावा, पण जाहिरातीच्या यंत्रणेला फक्त पर्चेस म्हणजेच यश असं शिकवणं चूक आहे. पर्चेसवर ऑप्टिमाइझ केलेली जाहिरात ऑर्डर टाकून पार्सल न घेणाऱ्यालाही यशच समजते आणि तसलीच माणसं आणखी शोधून आणते, यात छोटी दुकानं अक्षरशः बुडतात.

यूपीआय वाढल्यावर आणखी एक गोंधळ झाला, गिऱ्हाईक पेमेंट गेटवेच्या (पैसे घेऊन देणाऱ्या कंपनीच्या) पानावर जाऊन परत आला की विक्रीचं श्रेय जाहिरातीऐवजी गेटवेला. गेटवेचे डोमेन नको असलेल्या रेफरलच्या (माणूस जिथून आला त्या साइटच्या) यादीत टाकले की हे सुटतं, तरी कित्येक दुकानांत ते टाकलेलेच नसतात.

नंतर सगळं भराभर घडलं. ऑक्टोबर २०२० ला जीए४ आलं. एप्रिल २०२१ ला आयफोनच्या आयओएस १४.५ ने ट्रॅकिंगला परवानगी विचारणं सक्तीचं केलं, अमेरिकेत फराळ पाठवणाऱ्यांना त्याचा चटका जास्त, तिकडे आयफोनच भरपूर. १ जुलै २०२३ ला जीए४ च्या आधीच्या फुकट युनिव्हर्सल अ‍ॅनालिटिक्सने नवा डेटा घेणं थांबवलं आणि वर्षभराने जुना डेटा बघणंही बंद झालं. ज्यांनी एक्सपोर्ट करून ठेवला नाही त्यांच्या मागच्या दिवाळ्या गेल्या, आणि छोट्या दुकानदारावर हा सरळ अन्यायच होता. जीए४ मध्येही युजर पातळीचा डेटा डिफॉल्टने २ महिनेच राहतो, सेटिंगमध्ये जाऊन १४ करावा लागतो.

एक गोष्ट मात्र खरंच चांगली झाली. बिगक्वेरीत, म्हणजे गुगलच्या डेटा साठवून तपासायच्या सेवेत, कच्चा डेटा काढायची सोय आधी पैसे भरणाऱ्यांनाच होती, जीए४ मध्ये ती फुकट खात्यालाही मिळाली. ट्रान्झॅक्शन आयडी धरून कुरिअरची डिलिव्हरी शीट त्याला जोडली की कुठल्या जाहिरातीची पार्सलं घेतली जातात आणि कुठलीची परत येतात ते ओळीओळीने दिसतं.