बरासी, रॉन

(२७ फेब्रुवारी १९३६ – १६ सप्टेंबर २०२३). ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलमधील थोर खेळाडू व प्रशिक्षक. पूर्ण नाव रोनाल्ड डेल बरासी. जन्म व्हिक्टोरिया राज्यातील कॅसलमेन येथे. वडीलही रॉन बरासी. ते मेलबर्न क्लबकडून ५८ सामने खेळले, व्हिक्टोरियन फुटबॉल लीगच्या १९४० च्या विजेत्या संघात होते आणि १९४१ मध्ये लिबियातील टोब्रुक येथे युद्धात मारले गेले. त्यांचे सहखेळाडू व नंतरचे मेलबर्नचे प्रशिक्षक नॉर्म स्मिथ यांनी पितृहीन रॉनला किशोरवयात आपल्या घरी, परसातल्या खोलीत ठेवून घेतले.

त्या काळी खेळाडूने राहत्या भागाच्या क्लबकडूनच खेळावे, असा दंडक होता. माजी खेळाडूच्या मुलाला वडिलांच्या क्लबकडून खेळण्याची मुभा देणारा ‘पिता-पुत्र नियम’ बरासींसाठीच केला गेला, असे सर्रास सांगितले जाते. मेलबर्नने या सवलतीसाठी खटपट केली, हे खरे. मात्र नियमाचे मूळ १९५० च्या आसपासचे दिसते आणि त्याचा पहिला लाभ बरासींना नव्हे, तर कार्ल्टन क्लबच्या हार्वी डन (धाकटे) यांना मिळाला, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

१९५३ मध्ये मेलबर्नकडून पदार्पण. रकमन (उंच उडवलेल्या चेंडूसाठी झुंजणारा धिप्पाड खेळाडू) म्हणून उंची कमी आणि रोव्हर (खाली आलेला चेंडू टिपणारा लहानखुरा, चपळ खेळाडू) म्हणून अंगकाठी मोठी, अशी त्यांची अडचण होती. स्मिथ यांनी त्यांना दुसऱ्या रकमनच्या जागी घेऊन मैदानभर चेंडूमागे धावण्याची मोकळीक दिली. ‘रक-रोव्हर’ ही जागा यातूनच जन्मली, असे मानतात. आधीचे काही चपळ रकमनही साधारण असेच खेळत. तरी या जागेला प्रतिष्ठा बरासींमुळे आली, याबद्दल दुमत नाही. मेलबर्नच्या सहा विजेतेपदांत (१९५५, ५६, ५७, ५९, ६०, ६४) त्यांचा वाटा होता.

१९६४ अखेर ते कर्णधार-प्रशिक्षक म्हणून कार्ल्टनकडे गेले. मेलबर्नच्या चाहत्यांना हा घाव फार लागला. त्या क्लबला पुढचे विजेतेपद थेट २०२१ मध्ये मिळाले. या खेळात गोलचे सहा गुण आणि बाजूच्या खांबांमधून गेलेल्या चेंडूचा (बिहाइंड) एक गुण मिळतो. १९६८ च्या अंतिम सामन्यात कार्ल्टनने ७ गोल, १४ बिहाइंड (५६) करून ८ गोल, ५ बिहाइंड (५३) करणाऱ्या एसेंडनला हरवले.

१९७० च्या अंतिम सामन्याला मेलबर्न क्रिकेट मैदानावर १,२१,६९६ प्रेक्षक होते. मध्यंतराला कॉलिंगवुड ४४ गुणांनी पुढे होते. बरासींनी राखीव टेड हॉपकिन्स यांना उतरवले आणि ‘हँडबॉल’चा, म्हणजे एका हातातला चेंडू दुसऱ्या हाताच्या मुठीने ठोसून देण्याचा, आग्रह धरला. हॉपकिन्स यांनी चार गोल केले; कार्ल्टन १० गुणांनी जिंकले. आधुनिक हँडबॉलचा उगम त्या मध्यंतरात शोधण्याची प्रथा पडली आहे, पण ती जपून स्वीकारावी. नॉर्म यांचे बंधू लेन स्मिथ यांनी वेगवान खेळाचा हा विचार आधीच मांडला होता आणि रकमन ‘पॉली’ फार्मर यांनी हँडबॉलला आक्रमणाचे हत्यार बनवले होते. बरासींचे श्रेय वेगळे व मोठे आहे: हरत आलेल्या सामन्यात त्या विचारावर भिस्त ठेवण्याची छाती त्यांनी दाखवली.

नॉर्थ मेलबर्नला (१९७३–८०) त्यांनी १९७५ मध्ये क्लबच्या इतिहासातले पहिले विजेतेपद मिळवून दिले. १९७७ चे दुसरे विजेतेपद, बरोबरीत सुटलेला अंतिम सामना पुन्हा खेळून, मिळवले. मेलबर्नमधील पुनरागमन (१९८१–८५) निकालांच्या दृष्टीने फिके ठरले. मात्र याच काळात आयर्लंडहून आणलेले जिम स्टाइन्स पुढे १९९१ च्या ब्राउनलो पदकाचे (हंगामातील सर्वोत्तम खेळाडूचा सन्मान) मानकरी झाले.

इतिहासकार इयन टर्नर यांनी १९७८ मध्ये या खेळाचा प्रदेश व रग्बीचा प्रदेश यांमधील सीमेला ‘बरासी रेषा’ म्हटले. रेषेपलीकडच्या सिडनीत, सतत हरणाऱ्या संघाचे प्रशिक्षकपद त्यांनी १९९३ ते १९९५ या काळात सांभाळले. पहिले दोन हंगाम संघ तळाशीच राहिला. १९९६ मध्ये रॉडनी ईड यांच्या हाताखाली तो अंतिम सामन्यात पोहोचला.